नव्या सरपंचांनी माईक हातात घेण्याआधी

निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात बहुतेक सरपंच एकच चूक करतात, ती म्हणजे बोलतात. अंगावरचा गुलाल निघालेला नसतो, तोवर चौकात फ्लेक्स लागतो आणि पहिल्याच ग्रामसभेत पाऊण तासाचं भाषण होतं. मी एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). पाच गावांत नोकरी झाली, दहा-बारा सरपंच बघितले. सभेत माझी जागा ठरलेली, कोपऱ्यातलं टेबल आणि पुढ्यात प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायची वही. लिहिणाऱ्याला बोलायचं नसतं, त्यामुळे ऐकू जरा जास्त येतं. सरपंच काय बोलले ते मी लिहायचो. मागच्या रांगेत त्यावर काय कुजबुज झाली, तेही कानावर पडायचं, पण ते लिहायला रकाना नव्हता. त्यातलं थोडं इथे सांगतो.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. महाराष्ट्रातल्या आपल्या ग्रामपंचायती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर चालतात. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. कोरम भरला नाही तर सभा तहकूब. आणि कोरम कसा 'भरतात' हे तुम्हाला मी सांगायला नको. शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो आणि माणसं जेवताजेवता डाव्या हाताने सही करतात. कागदावर ते चालून जातं. मग पाणीपट्टीवाढीचा ठराव येतो आणि डाव्या हाताने सही करणारेच विचारतात, "आम्हाला कुणी विचारलं होतं?"

पहिला महिना: कुठे बसायचं

पंचायतीच्या खुर्चीत बसून गाव कळत नाही. तिथे येणारा माणूस दाखला मागायला येतो, बोलायला नाही. तुम्ही जिथे लोक आपोआप थांबतात तिथे जा.

सकाळी दूध डेअरी. दुधाची फॅट मोजून होईपर्यंत माणूस किटली घेऊन उभा असतो, त्याला दुसरं काही काम नसतं. पिठाच्या गिरणीवर बायका डबे ठेवून बसतात, पण तिथे पुरुष सरपंचाने जाऊन बसू नये, विषयच बदलतो. सरपंच बाई असेल तर गिरणीसारखी जागा नाही. संध्याकाळी पार आहेच. रेशन दुकानाची रांग, एसटीचा थांबा, अंगणवाडीत पोरं सोडायची वेळ. मळ्यातल्या आणि गावठाणाबाहेरच्या वस्तीवर मात्र मुद्दाम जावं लागतं, कारण तिथली माणसं गावात आली तरी बाजार करून निघून जातात.

दोन गोष्टी पाळा. एकटे जा. सोबत चार कार्यकर्ते दिसले की लोक कार्यकर्त्यांच्या तोंडाकडे बघून बोलतात. आणि ज्या आळीने तुम्हाला मतं दिली नाहीत, तिथे आधी जा. पहिल्या दिवशी चहासुद्धा मिळणार नाही. मिळाला तर साखर कमी असेल. तरी जा.

तक्रारीचं पहिलं वाक्य ही तक्रार नसते

एका गावात वरच्या आळीची एक आजी आठवड्यातून दोनदा पंचायतीत यायची. एकच वाक्य, "पानी येत न्हाई." सरपंच तरुण, शिकलेला, उत्तर तोंडावर तयार. "आजी, टाकी रोज भरते. नवीन लाईन मंजूर झालीय. वर्षभरात काम होईल." आजी मान हलवून जायची आणि चार दिवसांनी परत.

एकदा ती आली तेव्हा सरपंच फोनवर होते. समोरच्याने त्यांना होल्डवर ठेवलेलं. फोन कानालाच, त्यामुळे आजीला उत्तर देता आलं नाही, आणि आजीला वाटलं आज साहेब ऐकतायत. ती बोलत राहिली. पाणी येतं, पण रात्री तीनला. सुनेला सातवा महिना, तिला उठवत नाही. मुलगा कंपनीत रातपाळीला. मग आजीच उठते. डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून हंडा भरल्याचं ती आवाजावरून ओळखते. धारेचा आवाज बारीक होत गेला की समजायचं, काठोकाठ आला. परवा तेवढ्यात डुलकी लागली आणि पाणी घरात शिरलं.

सरपंचांनी फोन ठेवला आणि वॉल्व्ह फिरवणाऱ्याला बोलावलं. कारण साधं होतं. वरची आळी चढावर. खालचे नळ चालू असताना वर पाणी चढतच नाही, म्हणून तो सगळं गाव झोपल्यावर वरचा वॉल्व्ह सोडायचा. त्याच्या हिशेबाने तो वरच्या आळीवर उपकारच करत होता. त्याला कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं. दोन्ही आळ्यांना दिवसाआड सकाळी पाणी द्यायचं ठरलं. त्याला ना निविदा लागली, ना निधी. 'नवीन लाईन' हे उत्तर खरं होतं, पण ते ज्या प्रश्नाचं होतं तो प्रश्न आजीने विचारलाच नव्हता.

हे योगायोगाने घडलं. मुद्दाम घडवायचं असेल तर असं करा:

पहिली दोन मिनिटं उत्तर देऊ नका. माहीत असलं तरी. माहीत असेल तेव्हा तर मुळीच नाही. फोन उपडा ठेवा.

'का' हा शब्द टाळा. "का नाही भरली घरपट्टी?" म्हटलं की माणूस पोलीस ठाण्यात जबाब दिल्यासारखा बोलायला लागतो. "मग?", "त्या दिवशी काय झालं?", "मग तुम्ही काय केलंत?" एवढे तीन प्रश्न पुरतात. 'मग' हा मराठीतला फार कामाचा शब्द आहे. तो कुणाला टोचत नाही आणि गाडी पुढे सरकते.

शेवटी त्यांचंच म्हणणं त्यांच्याच शब्दांत परत सांगा. "म्हणजे आजी, पाणी येतं, पण रात्री तीनला, आणि उठायला घरात तुम्हीच. बरोबर?" चुकलं असेल तर आजी तिथल्या तिथे सांगेल, "तसं न्हवं बाळा." त्या 'तसं न्हवं'च्या पुढे जे येतं, ते नीट ऐका. खरी गोष्ट बऱ्याचदा तिथेच असते.

आणि 'बघतो' म्हणू नका. 'बघतो' म्हणजे 'नाही', हे महाराष्ट्रातल्या लहान पोरालाही कळतं. तुमच्याकडे तीनच उत्तरं आहेत. होईल, अमुक तारखेला. होणार नाही, अमुक कारणाने. मला माहीत नाही, विचारून शुक्रवारी सांगतो. तिसरं उत्तर द्यायला नवीन सरपंच लाजतात, पण लोकांना त्याचं काहीच वाटत नाही. शुक्रवारी तुम्ही गेला नाहीत, तर मात्र वाटतं.

वही

शंभर पानी वही घ्या. बोलणं चालू असताना उघडू नका. वही दिसली की माणूस 'अर्ज' देतो. घरी आल्यावर किंवा गाडीवर बसायच्या आधी लिहा. तीन रकाने. कोण आणि कुठे, त्यांचे शब्द जसेच्या तसे, आणि मी काय सांगून आलो. तिसरा रकाना महत्त्वाचा, पुढच्या वेळी तो माणूस तुम्हाला तेच विचारणार आहे. दुसऱ्या रकान्यात 'पाणीपुरवठा अनियमित' असं सरकारी भाषांतर करू नका. 'हंड्याचा आवाज बारीक झाला की समजते' असंच लिहा. भाषांतर केलेलं वाक्य सहा महिन्यांनी वाचलं तर कुणाचं ते आठवत नाही. मी नोकरीभर भाषांतरच केलं, म्हणून सांगतोय.

जे बोलत नाहीत त्यांचं

महाराष्ट्रात पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे. निम्म्या खुर्च्यांवर बाया आहेत आणि कितीतरी गावांत बोलतात त्यांचे नवरे. तुम्ही स्वतः महिला सरपंच असाल तर पहिल्या सभेत काय होईल सांगतो. कुणीतरी प्रश्न विचारेल तुम्हाला आणि बघेल तुमच्या मालकांकडे. मालक उत्तर द्यायला उठतील. तेव्हा भांडू नका, प्रश्न विचारणाऱ्याचंच वाक्य परत म्हणा. "तात्या, तुमचं म्हणणं असं की गटार शाळेच्या बाजूने नको. बरोबर ना?" तात्यांना 'हो' म्हणायला तुमच्याकडेच बघावं लागतं. हे मी एका ताईंना करताना बघितलंय. तिसऱ्या सभेपासून मालक मागच्या रांगेत बसायला लागले.

महिलांची सभा कागदावर उरकू नका. सतरंजी गोल टाका. टेबल-खुर्ची काढा. स्वयंपाकाच्या वेळेला सभा लावू नका. ही साधी गोष्ट, पण मी कितीतरी नोटिसांवर सकाळी नऊची वेळ स्वतःच्या हाताने लिहिली आहे.

या बाबतीत गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा समजून घ्यावं. धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं गाव. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीला जातो. त्याच्या जोडीला अभ्यास गट चालतात. तिथे आधी नुसती चर्चा, निर्णय नाही. बोलायची जागा वेगळी आणि ठरवायची जागा वेगळी. तुमच्या गावात सर्वसहमती लगेच जमेल असं मी म्हणत नाही, आपल्याकडे गटारावरून दोन गट पडतात. पण मोठा विषय ग्रामसभेत आणण्याआधी आळीआळीत एक-एक बिनठरावाची बैठक घेता येते. सभेतला निम्मा आरडाओरडा 'आम्हाला आत्ताच कळतंय' याचा असतो.

आता सांगायचं कसं

ऐकलं नसेल तर सांगायला काही नसतं, म्हणून हे मागे ठेवलं. सभेत सांगायची गोष्ट तुमच्या वहीतूनच यायला हवी. मोबाईलवर आलेली जपानची नाहीतर अकबर-बिरबलाची गोष्ट सांगितली, तर लोक हसतील आणि घरी जातील.

आपल्याकडे सांगायची पद्धत काही कमी नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात. पूर्वरंगात निरूपण, म्हणजे मुद्दा. उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. पेंगणारी माणसं आख्यान सुरू झालं की सावरून बसतात, हे कुठल्याही सप्ताहात बघा. सभेत मी क्रम उलटा करायला सांगेन, आधी गोष्ट आणि मग मुद्दा. सप्ताहाला लोक रात्रभर बसतात, ग्रामसभेला वीस मिनिटं.

आणि गाडगेबाबा. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, रात्री कीर्तन. त्या कीर्तनात ते स्वतः सांगायचे कमी आणि विचारायचे जास्त. साधा प्रश्न टाकायचा, समोरची हजारो माणसं एका आवाजात उत्तर द्यायची, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, पोरांना शिकवा, हे ते ऐकणाऱ्याच्याच तोंडून वदवून घेत. १९५६ साली त्यांच्या शेवटच्या दिवसांत वांद्र्याला झालेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. नव्या सरपंचाने ते एकदा कानाला लावून ऐकावं. विषयासाठी ऐका, आणि दुसऱ्यांदा फक्त प्रश्न मोजायला ऐका.

गोष्ट बांधायची ती अशी. एक माणूस, एक दिवस, एक अडचण, आणि आपल्याला काय ठरवायचं आहे. दोन मिनिटांत संपली पाहिजे. त्या माणसाला आधी जाऊन विचारा, "हे सभेत सांगू का?" नाही म्हटलं तर विषय संपला. हो म्हटलं तरी नाव घेऊ नका, आणि गरिबीचं प्रदर्शन करू नका. गावात नाव न घेताही सगळ्यांना कळतं, त्यामुळे त्या माणसाला उद्या पारावर मान वर करून बसता येईल असंच सांगा.

पाणीपट्टीचं उदाहरण घेऊ. एका सरपंचांनी ठराव असा मांडला: "पाणीपुरवठ्याची थकबाकी वाढलेली असून वीजबिलाचा भरणा करणे अडचणीचे झाले असल्याने पाणीपट्टीत वाढ करणे क्रमप्राप्त आहे." हे वाक्य मीच लिहून दिलं होतं. पुढची चाळीस मिनिटं मला काहीच लिहिता आलं नाही इतका गोंधळ झाला.

पुढच्या सभेत त्यांनी माझा कागद घेतलाच नाही. म्हणाले, "मागच्या महिन्यात चार दिवस मोटर बंद होती, आठवतंय? दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेलो. तिथे एक नववीतली पोरगी कळशी घेऊन उभी. म्हटलं शाळा? म्हणाली, आज चाचणी होती. मोटर का बंद होती? वीज कापली. वीज का कापली? बिल आपण भरलं नाही. बिल कुणाच्या पैशातून भरायचं?" सभेत मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्याच." वाढ किती करायची, यावर भांडण झालंच. पण भांडण आकड्यावर झालं, सरपंचावर नाही. ठराव मागितला त्याच्यापेक्षा थोड्या कमी दराने मंजूर झाला.

आकड्यांना गोष्टीत बसवणं

वरच्या गोष्टीमागे हिशेब हवाच, नाहीतर दुसरा कुणी हिशेब मांडून तुम्हाला खाली बसवेल. फक्त आकडा घरापर्यंत आणा. समजा गावात ४०० नळ आहेत आणि वीज, पाण्यात टाकायची टीसीएल (जंतुनाशक) पावडर, कर्मचाऱ्याचा पगार, दुरुस्ती धरून महिन्याचा खर्च ४८,००० रुपये. '४८,०००' म्हटलं की लोक म्हणतात कुणीतरी खाल्ले. 'एका घराला १२० रुपये, म्हणजे दिवसाला ४' म्हटलं की माणूस स्वतःच्या खिशाशी बोलायला लागतो. आकडे इथे समजण्यापुरते घेतलेत, तुमचे तुम्ही काढा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पर्जन्यछायेतलं गाव. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले. बांधबंदिस्ती, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे सगळ्यांना माहीत आहे. मला जास्त मोलाचा वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरलं, पिण्याला आणि जनावरांना किती लागणार, शेतीला किती उरलं, हे ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून यंदा कुठली पिकं घ्यायची ते ठरतं. उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं तिथे गावानेच बाजूला ठेवली. पाऊस हा शेतकऱ्याच्या घरातला रोजचा विषय. त्याला जमा आणि पिकाला खर्च म्हटलं की ताळेबंद कुणालाही वाचता येतो. पोपटरावांना पुढे पद्मश्री मिळाली, पण वक्तृत्वाची नक्कल करायला तिथे जाऊ नका. गेलात तर ताळेबंदाचा फळा बघून या.

सभेच्या दिवशी

नोटीस बोर्डावर डकवून थांबू नका. दवंडी द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, आणि दवंडीत विषय सांगा. 'ग्रामसभा आहे हो' ऐकून कुणी येत नाही. 'गायरानातल्या झाडांचा विषय आहे हो' ऐकून येतात. ग्रुपवर मोठा मजकूर कुणी वाचत नाही, स्वतःच्या आवाजात मिनिटभराचं रेकॉर्डिंग पाठवा. ग्रुपवर वाद सुरू झाला तर तिथे उत्तर देऊ नका, त्या माणसाच्या घरी जा.

पहिला विषय नेहमीचाच असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय आम्ही तीस सेकंदांत उडवायचो. तुम्ही तिथे दहा मिनिटं द्या. मागच्या वेळी काय ठरलं, त्यातलं काय झालं, काय झालं नाही आणि का. झालं नाही ते आधी सांगा. लोक तुमच्या नव्या योजना ऐकतात की नाही, ते या दहा मिनिटांवर ठरतं.

सभेत एक माणूस हमखास उठून ओरडणार. प्रत्येक गावात तो असतो आणि बऱ्याचदा त्याचं म्हणणं निम्मं खरं असतं. त्याला खाली बसवायला माणसं पाठवू नका. त्याचं वाक्य परत म्हणा, ते प्रोसिडिंगमध्ये लिहायला सांगा आणि विचारा, "असंच लिहू ना, अण्णा?" स्वतःचं वाक्य लिहिलं जातंय म्हटल्यावर माणूस शब्द तोलायला लागतो. काही वेळा तोच म्हणतो, "तेवढं 'चोर' काढा."

गोष्ट कुठे सांगायची नाही

घरकुलाची यादी, अनुदानाची पात्रता, निराधार योजना. इथे गोष्ट चालू द्यायची नाही, तुमची नाही आणि दुसऱ्या कुणाचीही नाही. ज्याला छान सांगता येतं त्याचं नाव वर जातं आणि ज्याला बोलता येत नाही तो कुडाच्या घरात राहतो. तिथे निकष वाचा, यादी वाचा, हरकती घ्या. जमाखर्चाचंही तसंच. टाकी गळतेय आणि पैसे खर्ची पडलेत, अशा वेळी सरपंच भावनिक झाले की लोक लगेच ओळखतात. मी एकदा सरपंचांचं रडणं प्रोसिडिंगमध्ये लिहू की नको, या विचारात पडलो होतो. लिहिलं नाही. बिलाची झेरॉक्स सभेत फिरली असती तर रडायची वेळ आली नसती.

सभा संपली की लोक दहा-पंधरा मिनिटं रेंगाळतात, चप्पल शोधतात. तेव्हा गाडीवर बसू नका. सभेत एक शब्द न बोललेला माणूस तेव्हाच जवळ येतो. वरच्या आळीची ती आजीही अशीच आली होती. म्हणाली, पाणी आता सकाळी येतं, ब्येस झालं. पण नळाला तोटी न्हाई, तिकडं शेजारणीच्या दारात निस्ता चिखुल. सरपंच म्हणाले, "मग?"